तलावाकाठचा बोलका

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. वाकून केलाय, ही साक्षीला आहे.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, समन्स! ‘फोन केला की वहिनीच उचलते. कधी तू अंघोळीला गेलेला, कधी झोपलेला, कधी म्हणे घसा बसलाय. इतके महिने कुणाचा घसा बसतो? घसा आहे की बसस्टॉप?’ हे वाक्य हिने मोठ्याने वाचलं, पोट धरून हसली, आणि मग एकदम उठून गच्चीत वाळत घातलेले कपडे आणायला गेली. कपडे अजून ओलेच होते.

तिच्यावर रागावू नकोस. ती मी सांगितलेलं बोलते. फोनचं काय ते पुढे लिहितो, आधी घरची खबरबात ऐक.

हिने स्वयंपाकघराची भिंत स्वतःच्या हाताने पिवळी रंगवली. भिंतीपेक्षा जास्त रंग शिडीला लागला. आता ती शिडी टाकवत नाही आणि दाखववतही नाही. तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली का? तोवर वाचायला सोपं जावं म्हणून मी अक्षर मुद्दाम मोठं काढतोय, एरवी माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, हे तूच म्हणायचीस.

मी तलावावर पुन्हा जायला लागलोय. मुलांच्या तुकड्या आता दुसऱ्याकडे आहेत, माझ्याकडे सकाळची प्रौढांची तुकडी. मोठ्या माणसांना पोहायला शिकवणं म्हणजे मांजराला अंघोळ घालणं. मुलं पाण्याला भीत नाहीत, फक्त त्यांच्या आया भितात. ही माणसं मात्र पन्नास वर्षांची भीती टॉवेलात गुंडाळून घेऊन येतात. एक शिंपीणबाई आहेत, पहिला आठवडाभर पायरीवर बसून पाण्यात फक्त अंगठा बुडवायच्या, कापडाचा पोत बघावा तसा. एक दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर दुसऱ्यांना ‘आ करा’ म्हणतात आणि पाण्यात स्वतःचं तोंड मिटता मिटत नाही, त्यामुळे निम्मा तलाव रोज पिऊन जातात.

तर तलावावर आम्ही एक नवी सोय केली आहे. तुला माहीत आहे, तलावाचा तो बंदिस्त हॉल किती घुमतो. म्हणून आता मी काठावर एका टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो. त्यात ‘बोलका’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. मी एका साध्या फाईलमध्ये वाक्य लिहायचं, ‘पाय ताठ ठेवा’, आणि सेव्ह करायचं. बोलका त्या फाईलवर डोळा ठेवून असतो. फाईल बदललेली दिसली की तो ती उघडतो, वाचतो, आणि भिंतीवरच्या कर्ण्यातून खणखणीत बोलतो. आवाज जरा सरकारी आहे. ‘श्वास सोडा’ असं म्हणतो, तेव्हा नोटीस बजावल्यासारखं वाटतं. पण शब्द स्पष्ट.

गंमत म्हणजे हा प्रोग्रॅम कुठल्या कंपनीचा नाही. हौशी माणसांनी फावल्या वेळात लिहिला आणि चारचौघांत उघडा ठेवला. ज्याला हवा त्याने न्यावा, आत डोकावून बघावं, बिघडला तर सांगावं, जमलं तर स्वतःच दुरुस्त करावा. मला हे फार आवडलं. विहीर खणून ठेवावी आणि दोर-बादलीही तिथेच ठेवून जावी, तसं.

पण ताई, नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. घरी हिच्या कॉम्प्युटरवर बोलका शहाण्यासारखा वागतो. तलावावरचा लॅपटॉप विंडोजचा आहे, त्यावर तो लहरी झाला. चार वाक्यं बोलायचा, पाचवं गिळायचा. मी सेव्ह करतोय, हा ढिम्म. पुन्हा सेव्ह केलं की कधी बोलायचा, कधी नाही. मी आधी सगळं हसण्यावारी नेलं. लॅपटॉपला डुलकी लागते, असं सगळ्यांना सांगितलं.

मग मागच्या मंगळवारी शिंपीणबाई पाठीवर तरंगत होत्या. पहिल्यांदाच, कुणाच्या हाताच्या आधाराशिवाय. चेहऱ्यावर इतकं समाधान की मी बघतच राहिलो. बघताबघता त्या खोल बाजूकडे सरकू लागल्या. मी लिहिलं, ‘थांबा, पाय खाली, उभ्या राहा.’ सेव्ह केलं. शांतता. पुन्हा सेव्ह केलं. शांतता. त्यांनी आपणहून उभं राहायला पाय खाली सोडले, तर खाली जमीनच नाही. बाई गेल्या पाण्याखाली. मी तरंगायची फळी उचलली आणि लोखंडी कठड्यावर बडव बडव बडवली. डॉक्टरांनी वळून पाहिलं, दोन हात मारून त्यांना गाठलं आणि काठाकडे ढकललं. जीवरक्षक दुसऱ्या टोकाकडून धावत आला, तोवर बाईंनी कठडा धरला होता. खोकून खोकून त्यांचे डोळे लाल झाले. मला म्हणाल्या, अगदी हळू, रागाने नाही, “मास्तर, आज तुम्ही बोललाच नाहीत.”

त्या बऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा पायरीवर बसल्या, एवढंच. पण आमच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या, “मास्तर, राग मानू नका. या यंत्राचा भरवसा येईपर्यंत तुमची तुकडी बंद.” बरोबरच आहे त्यांचं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं, वर चार शब्द जास्त सुनावले असते.

त्या प्रोग्रॅमच्या मंडळींची एक जागा आहे, तिथे तक्रार लिहिता येते. तिथे लिहून आलोय. बघू.

तुझ्या फोनचं लिहायचं राहिलंच. कागद संपत आला. पुढच्या पत्रात नक्की.

तुझा,
बेडक्या

॰

२२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार.

तुझं एका ओळीचं पत्र आलं. ‘तू उडी का मारली नाहीस?’

बाकी काही नाही. ना खाली सही, ना वर मायना. मी दोन दिवस ते पाकीट शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. मला वाटलं होतं, एवढ्या लांबलचक पत्रात ती गोष्ट दडून जाईल. तू शाळेत असल्यापासून माझ्या गृहपाठातली नेमकी चुकीची ओळ बोटाने दाखवायचीस, हे मी विसरलो.

उत्तर देतो. पण मला त्या बोलक्याच्या वाटेनेच येऊ दे. सरळ यायला जमत नाही.

माझ्या तक्रारीला उत्तर दिलं ते ‘कासव’ नावाच्या माणसाने. तिथे सगळे अशीच टोपणनावं घेतात. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, काही कळत नाही, म्हणून मी ‘तुम्ही’ म्हणतो. हा प्रोग्रॅम मुळात कासवानेच लिहिलेला. माझी तक्रार कशी होती माहितीये? ‘तुमचा प्रोग्रॅम बोलत नाही. कृपया लक्ष घालावे.’ बस. डॉक्टरांकडे जाऊन ‘दुखतंय’ एवढंच सांगून खुर्चीत बसून राहावं, तसं. कासवाने न चिडता विचारलं, कुठला कॉम्प्युटर, फाईल कुठे ठेवली आहे, कशात लिहिता, दर वेळी होतं की मधूनच, गप्प बसण्याआधी नेमकं काय केलंत? एकेक उत्तर देताना माझ्या लक्षात आलं, की मी बोलक्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, फक्त त्याच्यावर वैतागलो होतो.

आधी कासवाला वाटलं, फाईल अशा फोल्डरमध्ये असेल की ज्याची नक्कल परस्पर इंटरनेटवर जाते. ती हलवून पाहिली. फरक नाही. मग वाटलं, बोलका एका फाईलवर डोळा ठेवतोय आणि सेव्ह करताना जुनी फाईल जाऊन तिथे नवीच येतेय, म्हणजे हा बिचारा गेलेल्या माणसाच्या दारात बसलाय. म्हणून अख्ख्या फोल्डरवर नजर ठेवणारी आवृत्ती पाठवली. तरीही पाचापैकी एक वाक्य गायब. पालथ्या घड्यावर पाणी.

मी रोज दुपारी रिकाम्या तलावावर जायचो, टेबलाशी बसून सांगितलेलं करून बघायचो आणि निकाल लिहून पाठवायचो. हीसुद्धा बरोबर यायची. मी सेव्ह करायचो आणि ही खूण करायची, बोलला की नाही. व्यवस्थापकबाई येताजाता बघायच्या. एकदा त्यांनी आम्हा दोघांसमोर चहा आणून ठेवला.

एका दुपारी कासवाने विचारलं, ‘ही गडबड किती तातडीची समजू? नुसती गैरसोय होते की काम अडतं? माझी दिवसाची नोकरी आहे, कामं बरीच साठली आहेत, म्हणून विचारतोय.’ म्हणजे बुवा, एवढं त्यातून कळलं.

मी लिहिलं, ‘काम अडतं.’ ते पुसलं. हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, “लिहा ना. त्याला लिहायला काय हरकत आहे? तो कुठे आपल्याला ओळखतो?”

मग मी लिहिलं, ‘हा माझा आवाज आहे. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढून टाकलं. मी पोहायला शिकवतो.’

ताई, जरा थांब. पाणी पी. मग पुढे वाच.

मागच्या उन्हाळ्यात कळलं. जे भाऊजींना होतं तेच. ना सिगरेट, ना तंबाखू, तरी. डॉक्टर म्हणाले, कारण शोधण्यात वेळ घालवू नका. भाऊजींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू त्यांच्या उशाशी कशी बसून होतीस ते मी पाहिलंय. सगळं संपल्यावर तू म्हणालीस, ‘आता या रोगाचं नावही माझ्या कानावर नको.’ ते नाव मी तुझ्या कानावर कसं घालू? आणि घालायचं तरी कुठल्या तोंडाने? म्हणून हिला सांगितलं, ताईला एवढ्यात काही बोलू नकोस. तिला ते किती जड गेलं, ते ओले कपडे आणायला ती गच्चीत गेली, तेव्हा मला दिसलं.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या गळ्याला पुढून एक भोक आहे आणि मी त्यातून श्वास घेतो. नाकातोंडाचा आता फुप्फुसांशी संबंध नाही. गळ्यापर्यंत पाणी आलं की सरळ आत. मी उडी मारली असती तर त्या दातांच्या डॉक्टरांना आम्हा दोघांना बाहेर काढावं लागलं असतं, आणि शिंपीणबाई परवडल्या, मी वजनदार आहे. शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही, तोंडात वाराच नाही. गरम चहावर फुंकर मारता येत नाही, ही मारून देते. गळ्याला लावायचं एक गुणगुणणारं यंत्र मिळालंय, घरात ते चालतं, पण त्या घुमणाऱ्या हॉलमध्ये ते म्हणजे डब्यात अडकलेला भुंगा. ढेकरेतून बोलायलाही शिकतोय. ही म्हणते, संसारात एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

म्हणून बोलका.

कासवाचं उत्तर लगेच आलं. ‘थांबा. आज दुसरं काहीही करत नाही.’

ताई, एवढं एक वाक्य वाचून मी त्या ओल्या फरशीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत, लहान पोरासारखा रडलो. रडायला आवाज लागत नाही, हे मला ऑपरेशननंतर कळलं. ज्याला मी कधी पाहिलं नाही, ज्याला माझ्याकडून मिळण्यासारखं काही नाही, त्याने हातातलं सगळं काम खाली ठेवलं. कीव नाही, ‘अरेरे’ नाही. फक्त कामाला लागला.

त्याच्याकडे विंडोजचा कॉम्प्युटर नव्हता, तो त्याने शेजाऱ्याकडून उसना आणला. मला एक खास आवृत्ती पाठवली, जी जे जे दिसेल ते लिहून ठेवेल. आम्ही ती चालवली आणि बोलका पुन्हा गप्प बसेपर्यंत वाक्यं लिहीत सुटलो. ही सांगायची आणि मी लिहायचो. भाजी आणायचीय, शिडी विकायचीय, नळ गळतोय. ‘नळ गळतोय’ला तो गप्प बसला. आम्ही दोघं टाळ्या वाजवून हसलो! बंद पडलं म्हणून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्यात लिहिलेलं मिळालं, ‘बदल दिसला. फाईल उघडता आली नाही. दुसरं कोणीतरी वापरत आहे.’

कासवाने मला समजेल अशा भाषेत सांगितलं. मी सेव्ह केलं की बोलक्याला निरोप जातो आणि तो तत्काळ धावतो. पण त्याच क्षणी लॅपटॉपवरचा व्हायरस शोधणारा प्रोग्रॅमही तीच फाईल तपासायला घेतो. विंडोजमध्ये एकाने फाईल अशी धरून ठेवली, की दुसऱ्याला ती उघडता येत नाही. घरचा कॉम्प्युटर विंडोजचा नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. बोलका दारापर्यंत जायचा, आतून कडी लागलेली बघायचा आणि मुकाट परत फिरायचा. पुन्हा दार वाजवायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ‘उघडलं नाही तर सोडून द्या, असं मीच लिहून ठेवलंय,’ कासवाने लिहिलं. ‘चूक माझी आहे. शिंपीणबाईंची माफी मागा.’

मग त्याने दुरुस्ती पाठवली. दार बंद असेल तर पापणी लवण्याइतकं थांब आणि पुन्हा प्रयत्न कर. आम्ही बसवली. आता एकही वाक्य गळेना, पण प्रत्येक वाक्य दोनदा! ‘श्वास सोडा. श्वास सोडा.’ मूर्तिमंत सासूबाई. एकदा सेव्ह केलं तरी विंडोज बदलाचा निरोप दोनदा पाठवतो म्हणे, आणि आधी बोलका अडखळत असल्यामुळे ते कळतच नव्हतं. त्यावर पुन्हा दुरुस्ती. निरोप आला की लगेच बोलू नकोस, क्षणभर थांब, मागून दुसरा आला तर दोन्ही मिळून एकच समज.

काल दुपारी ती बसवली. व्यवस्थापकबाई स्वतः कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या आणि सांगतील ते वाक्य मी लिहीत गेलो. लहान, लांब, भराभर, सावकाश. एकही चुकलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, “आता त्याला म्हणायला लावा, सोमवारपासून तुकडी सुरू.”

तो म्हणाला. एकदाच.

ताई, मला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण मागच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. डॉक्टर माझ्यावर खूष आहेत. भाऊजींचं उशिरा कळलं होतं, माझं लवकर कळलं. हे वाक्य आधी लिहायला हवं होतं का? चुकलं असेल. पण लिहिलंय ते खरं आहे, हिला विचार. आता ती तुला खरं सांगेल. मी तिला मोकळं केलंय.

फोन कर. मी उचलेन. जरा वेळ काहीच ऐकू येणार नाही. ठेवू नकोस. मी लिहीत असेन.

तुझाच,
भाऊ

॰

१७ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार, आणि तुझा कान कसा आहे? एवढा वेळ फोन धरून तो लाल झाला असणार.

त्या दिवशी फोन वाजला, तो मी उचलून स्पीकरवर टाकला आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवला. ‘ताई’ एवढं लिहायला मला तीनदा खोडावं लागलं. तू पलीकडे नुसती श्वास घेत होतीस. मग बोलका म्हणाला, ‘ताई.’ नोटीस बजावल्यासारखंच. आणि त्यावर तू काय म्हणालीस? “उच्चार तुझ्यापेक्षा बरा आहे मेल्याचा!” हिने शेजारी बसून ऐकलं आणि पदर तोंडात कोंबला.

त्यानंतर तू जे बोललीस, ते मी कुणाला सांगणार नाही. भाऊजींच्या शेवटच्या आठवड्यांबद्दल तू इतक्या दिवसांत कुणाशी चकार शब्द काढला नव्हतास. मला मध्ये बोलता येईना. एक वाक्य लिहून होईपर्यंत तू चार वाक्यं पुढे गेलेली असायचीस. शेवटी मी हात बाजूला ठेवले आणि ऐकत राहिलो. आधीचा मी असतो तर मधे दहा वेळा तोंड घातलं असतं, धीर दिला असता, विषय बदलला असता. ही म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही कुणाचं एवढं ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.”

मी तुला दुःखापासून दूर ठेवत होतो, अशी माझी समजूत होती. तू म्हणालीस, “अरे, मला त्यातलं सगळं येतं. नळी साफ करणं, रात्री वाफ देणं, पातळ जेवण. हे सगळं शिकून मी रिकामी बसले होते, आणि तू मला बोलावलं नाहीस.”  तू हिला फोनवरून उशीचं जे सांगितलंस, त्याप्रमाणे हिने उशी लावली, तेव्हापासून झोप फार चांगली लागते. तुझे आभार मानले तर शिव्या देशील, म्हणून उशीचे मानतो.

तलावाची हकीकत सांगतो. तुकडी सुरू झाली. पहिल्या दिवशी शिंपीणबाई पायरीवरच बसल्या. मी आग्रह केला नाही. मी त्यांना कासवाचा निरोप दाखवला, तुमची माफी मागितली आहे म्हणून. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “एवढ्या लांबच्या माणसाला माझी काळजी? मग उतरते बाई.” आणि उतरल्या. मागच्या शुक्रवारी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत पोहत गेल्या. आडव्या बाजूने, उथळ पाण्यात, पण गेल्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, त्या नादात त्यांच्या तोंडात पाणी गेलं ते वेगळं.

कासवाने दुरुस्त केलेला बोलका आता सगळ्यांसाठी ठेवलाय. नवी आवृत्ती निघाली की ती मंडळी खाली लिहितात, यात कोणाकोणाची मदत झाली. त्यात माझं टोपणनाव आहे, ‘काठावरचे मास्तर’, आणि पुढे ‘आणि त्यांच्या पत्नी, ज्यांचा नळ गळतो’. हिने नळ तरीही दुरुस्त करून घेतला नाही. म्हणते, आता तो प्रसिद्ध आहे.

परवा तिथे कुणा अनोळखी मुलीने लिहिलं होतं, ‘माझी आईही हेच वापरते. तीही मधूनमधून गप्प व्हायची आणि आम्हाला वाटायचं, तिलाच बोलायचं नसेल. धन्यवाद.’ ताई, ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि फिरायला गेलो. त्या आईला किती वेळा काही सांगायचं असेल आणि घरच्यांनी मान वळवली असेल! माझ्या तलावावरच्या एका वाईट मंगळवारामुळे कुठल्यातरी घरात एक बाई आता पुरतं वाक्य बोलतेय. मला या वर्षाबद्दल पुष्कळ तक्रारी होत्या. त्या अजून आहेत, पण त्या मांडताना आता जरा संकोच वाटतो.

तू फोनवर विचारलंस, सगळ्यात जास्त कशाची चुटपुट लागते. मला वाटलं होतं, बोलण्याची. पण नाही. पाण्याखालची शांतता आठवते. मान खाली घालून पहिली झेप घेतली की जग मागे राहायचं ना, ती. ती आता मिळायची नाही. मी गुडघ्यांपर्यंत पाय सोडून पायरीवर बसतो. सगळे पोहून गेले की बसतो. पाणी हळूहळू स्थिर होतं आणि तळाच्या काळ्या रेघा सरळ होत जातात. रडू येत नाही आता. बरं वाटतं. पायांना ओळखतं ते.

आणि आता शेवटचं. फोन ठेवण्याआधी तू म्हणालीस, “मला कधी पोहायला आलं नाही रे. तू लहानपणी दिवसभर पाण्यात, आणि मी काठावर तुझे कपडे धरून. आता डोळ्याचं झालं की येऊ का तुझ्याकडे? शिकवशील? जाऊ दे, या वयात कसलं.” आणि खट्कन ठेवलास. माझं उत्तर अर्धं लिहून झालं होतं, ताई. बोलका शिकला, तू अजून शिकली नाहीस, जरा थांबायचं असतं.

म्हणून इथे लिहितो. ये. डोळा बरा झाला, डॉक्टरांनी पाण्यात जायची परवानगी दिली, की ये. पिवळं स्वयंपाकघर बघ, ती शिडी बघ, हिच्याशी भांड. सकाळी आपण लवकर तलावावर जाऊ. भीती वाटेल. वाटू दे. मी पाण्यात तुझ्याजवळ असणार नाही, ते आता व्हायचं नाही. शिंपीणबाई असतील, हात धरायला त्यांनी स्वतःहून सांगितलंय. मी काठावर असेन, तुझे कपडे धरून.

आणि माझा आवाज येईल. वेळेवर येईल.

वाट बघतोय,
तुझा बेडक्या